टेस्टमधून प्रोग्रॅम सुरू करताना: एका मशीनवर हिरवं, दुसऱ्यावर लाल का?

मागच्या भागांत आपण पायटेस्टची तोंडओळख करून घेतली, साध्या फंक्शनच्या टेस्ट लिहिल्या. आजचा विषय जरा किचकट आहे, पण मी तो मुद्दाम लवकर घेतेय, कारण याच जागी सगळ्यात जास्त मुलं-मुली अडकतात आणि गुपचूप मागे फिरतात.

एका विद्यार्थिनीने मला विचारलं होतं, “ताई, मी एक ओपन सोर्स प्रोजेक्ट उतरवून घेतला, सूचना वाचून सगळं केलं, आणि टेस्ट चालवल्या तर अकरा टेस्ट लाल. मी तर अजून एक अक्षरही बदललेलं नाही. मग माझ्या लॅपटॉपमध्येच काही बिघाड आहे का?” लॅपटॉप ठणठणीत होता. टेस्ट लिहिणाऱ्यांनी त्या लिनक्सवर लिहिल्या होत्या आणि हिच्याकडे विंडोज. आपल्याकडे शिकणाऱ्यांच्या हातात बहुधा विंडोजच असतं, आणि प्रोजेक्ट सांभाळणारे पुष्कळदा लिनक्स किंवा मॅकवर बसलेले असतात. प्रोजेक्टमध्ये शिरायची पहिली पायरी म्हणजे ‘आधी टेस्ट चालवून बघा’. ती पायरीच तुटकी असेल तर माणूस दारातून परत जातो, आणि प्रोजेक्टवाल्यांना ते कळतही नाही.

एक खुलासा. व्हिडिओत कोड स्क्रीनवर होता. इथे पुस्तकात मी तो शब्दांत सांगतेय: ‘सबप्रोसेस डॉट रन’, ‘शेल इक्वल टू ट्रू’ असा. वाचताना शेजारी एडिटर उघडा ठेवलात तर बरं. उदाहरणं पायथॉनची आहेत, पण दुखणं सगळ्या भाषांचं आहे.

टेस्टला दुसरा प्रोग्रॅम सुरू करावाच का लागतो? कारण सगळंच काही फंक्शन बोलावून तपासता येत नाही. तुम्ही कमांड लाइनचं टूल बनवलंय, तर ते खरंच टूल म्हणून चालवून त्याचं आउटपुट बघायला हवं. वेब सर्व्हर असेल तर तो उठवून त्याला विनंती पाठवायला हवी. म्हणजे टेस्ट ही एक प्रोसेस, आणि तिने जन्माला घातलेली दुसरी प्रोसेस. या जन्माची रीतच लिनक्स आणि विंडोजवर मुळापासून वेगळी आहे. हे एकदा नीट कळलं की बाकीच्या निम्म्या तक्रारी आपोआप उलगडतात, म्हणून इथे थोडं थांबूया.

युनिक्सच्या घराण्यात, म्हणजे लिनक्स आणि मॅक दोन्हीकडे, जुनी पद्धत अशी: आधी ‘फोर्क’ करून स्वतःची एक प्रत काढायची, मग त्या प्रतीने ‘एक्झेक’ करून नवा प्रोग्रॅम अंगावर चढवायचा. एक्झेकला जी आर्ग्युमेंट्स द्यायची ती यादी म्हणून द्यायची. पहिलं वेगळं, दुसरं वेगळं, तिसरं वेगळं. एखाद्या आर्ग्युमेंटमध्ये मोकळी जागा असली, अवतरण चिन्ह असलं, तरी कोणाला फरक पडत नाही. ते जसंच्या तसं पलीकडे पोचतं.

विंडोजवर ‘क्रिएट प्रोसेस’ नावाचं एक फंक्शन आहे. त्याला एकूण १० पॅरामीटर लागतात, पण आपल्या कामाची गोष्ट एकच: आर्ग्युमेंट्सची यादी घेण्याची सोयच त्यात नाही. तिथे जाते एक अखंड ओळ, जास्तीत जास्त ३२,७६७ अक्षरांची. ती ओळ कुठे तोडायची हे समोरचा प्रोग्रॅम स्वतः ठरवतो.

वाण्याकडचं उदाहरण घ्या. तुम्ही चार चिठ्ठ्या दिल्यात, एकेका चिठ्ठीवर एकेक जिन्नस, तर गोंधळ होत नाही. पण फोनवर एका दमात सांगितलंत, ‘पोहे जाड मीठ शेंगदाणे’, तर जाड काय? पोहे जाड की मीठ जाड? दोन्ही मिळतात. वाणी आपल्या समजुतीने ठरवणार. विंडोजवर प्रत्येक प्रोग्रॅम हा असा वाणी आहे. बहुतेक प्रोग्रॅम मायक्रोसॉफ्टच्या सी रनटाइमचे नियम पाळतात, म्हणजे अवतरण चिन्हातला मजकूर एकत्र धरायचा, अवतरणाआधीच्या बॅकस्लॅशला वेगळा अर्थ द्यायचा वगैरे. पण तसं बंधन कोणावर नाही. आणि ‘सीएमडी’ नावाचा जो जुना कमांड प्रॉम्प्ट आहे, त्याचे नियम तर निराळेच.

आता पायथॉनकडे या. ‘सबप्रोसेस’ हे मॉड्यूल २००४ साली पायथॉन २.४ मध्ये आलं, आणि आपण सर्रास वापरतो ते ‘रन’ फंक्शन २०१५ च्या ३.५ मध्ये. या मॉड्यूलला आर्ग्युमेंट्सची यादी दिली की लिनक्सवर ती तशीच पुढे जाते, आणि विंडोजवर पायथॉन स्वतः सी रनटाइमच्या नियमांनुसार योग्य जागी अवतरणं घालून एक ओळ तयार करतो. म्हणून पहिला नियम असा: कमांड नेहमी यादी म्हणून द्या आणि शेल मध्ये आणू नका.

‘नेहमी’ यावर मी एवढा जोर का देतेय, ते बघा. अख्खी कमांड एकाच स्ट्रिंगमध्ये लिहिली आणि शेल घेतलं नाही, तर विंडोजवर ती चालते, कारण तिथे नाहीतरी एकच ओळ जायची असते. लिनक्सवर मात्र ती अख्खी स्ट्रिंग म्हणजेच प्रोग्रॅमचं नाव, असं समजलं जातं आणि ‘फाइल सापडली नाही’ असा एरर येतो. हे तरी बरं, निदान ओरडून सांगतं. उलट प्रकार जास्त घातक आहे. यादीही दिली आणि वर ‘शेल इक्वल टू ट्रू’ही लिहिलं, तर विंडोजवर सगळं सुरळीत. लिनक्सवर यादीतला पहिला शब्द हीच कमांड ठरते, आणि उरलेले शब्द त्या कमांडला न जाता शेलकडे जातात. एरर येत नाही.

समजा यादी अशी आहे: ‘पायथॉन’, ‘चेक डॉट पीवाय’. शेल ट्रू. लिनक्सवर नुसतं ‘पायथॉन’ सुरू होतं, फाइलशिवाय. पायटेस्ट आउटपुट पकडून ठेवतं तेव्हा स्टँडर्ड इनपुटच्या जागी रिकामं डिव्हाइस जोडतं. मग पायथॉन इनपुट वाचायला जातो, तिथे काहीच नाही, तो शहाण्यासारखा बंद होतो आणि रिटर्न कोड देतो शून्य. शून्य म्हणजे यशस्वी. तुमची टेस्ट फक्त रिटर्न कोड बघत असेल तर ती हिरवी. ‘चेक डॉट पीवाय’ला कोणी हातही लावलेला नसतो. लाल टेस्ट वेळ खाते, पण अशी फुकटची हिरवी टेस्ट महिनोन्महिने खोटं बोलत राहते. म्हणून रिटर्न कोडबरोबर आउटपुटमधली एखादी अपेक्षित ओळही तपासायची सवय ठेवा.

मोकळ्या जागेचा त्रास हा याच घरातला. विंडोजवर पुष्कळांच्या युजर फोल्डरला पूर्ण नाव असतं, नाव आणि आडनाव, मध्ये जागा. तात्पुरत्या फाइलींचं फोल्डरही त्याच्याच आत. स्ट्रिंग जोडून जोडून कमांड बनवली असेल तर ती बरोबर आडनावापाशी तुटते. खुद्द मायक्रोसॉफ्टच्या ‘प्रोग्रॅम फाइल्स’मध्ये ही जागा आहे. अवतरण न घातलेला तो पत्ता क्रिएट प्रोसेसला दिला, तर विंडोज आधी सी ड्राइव्हवर ‘प्रोग्रॅम डॉट ईएक्सई’ आहे का हे शोधतं! हे त्यांच्या अधिकृत माहितीत लिहिलेलं आहे, सुरक्षेच्या इशाऱ्यासकट.

पुढचा प्रश्न नावाचा. लिनक्सवर ‘एनपीएम’ लिहिलं की एनपीएम चालतं. विंडोजवर यादीत तेच नाव दिलं तर पायथॉन म्हणतो फाइल सापडली नाही, आणि कमांड प्रॉम्प्टवर टाइप केलं तर मस्त चालतं. मग माणूस डोकं धरून बसतो. कारण साधं आहे: विंडोजवर ती फाइल ‘एनपीएम डॉट सीएमडी’ आहे. क्रिएट प्रोसेस एक्स्टेन्शन नसलेल्या नावाला फक्त ‘डॉट ईएक्सई’ जोडून बघतं. ‘डॉट सीएमडी’, ‘डॉट बॅट’ वगैरे पर्यायांची यादी ‘पाथ एक्सट’ नावाच्या व्हेरिएबलमध्ये असते आणि ती कमांड प्रॉम्प्ट वाचतो. उपाय आहे ‘शटिल डॉट विच’. हे फंक्शन पाथ आणि पाथ एक्सट दोन्ही बघून पूर्ण पत्ता देतं. तोच यादीत पहिला ठेवा. काही सापडलं नाही तर ‘नन’ मिळतं. तेव्हा टेस्ट वगळा किंवा ‘हे टूल इन्स्टॉल नाही’ असं सरळ भाषेत सांगून थांबा.

बॅच फाइलबद्दल एक सावधगिरी. ‘डॉट बॅट’ किंवा ‘डॉट सीएमडी’ सुरू केली की तुम्ही शेल मागितलं नसलं तरी विंडोज ती सीएमडीमार्फतच चालवतं, आणि मग आर्ग्युमेंट्सना सीएमडीचे नियम लागतात. एप्रिल २०२४ मध्ये यावरून बरीच खळबळ झाली. बाहेरून आलेला मजकूर बॅच फाइलला आर्ग्युमेंट म्हणून दिला तर त्यातून भलतीच कमांड चालवता येते, हे बऱ्याच भाषांत दिसून आलं. रस्टने १.७७.२ ही आवृत्ती काढून दुरुस्ती केली. नोडने शेल न मागता बॅच फाइल सुरू करणंच बंद केलं. पायथॉनने वागणूक न बदलता माहितीत इशारा दिला. टेस्टमध्ये आपण देतो ती आर्ग्युमेंट्स आपलीच असतात, त्यामुळे घाबरायचं कारण नाही. पण ‘अँड’चं चिन्ह किंवा टक्क्याचं चिन्ह असलेलं आर्ग्युमेंट बॅच फाइलला देऊ नका, निष्कारण डोकेदुखी.

आणि पायथॉनमधून पायथॉनच सुरू करायचा असेल तर नाव लिहूच नका. ‘पायथॉन’ म्हणावं तर काही उबुंटू मशीनवर फक्त ‘पायथॉन ३’ असतं. ‘पायथॉन ३’ म्हणावं तर एखाद्या विंडोजवर मायक्रोसॉफ्ट स्टोअरचं दुकान उघडतं. ‘सिस डॉट एक्झिक्युटेबल’ लिहा. जो पायथॉन आत्ता टेस्ट चालवतोय त्याचाच पूर्ण पत्ता, व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटसकट. स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत शिबँग लिहून तिला थेट चालवणंही सोडा, कारण विंडोज ती ओळ बघत नाही. त्यातून गिटने ओळींची शेवटची चिन्हं बदलली असतील तर उलट लिनक्सवर ‘बॅश’ला एक अदृश्य शेपूट चिकटतं आणि ‘अशी फाइल नाही’ असा बुचकळ्यात टाकणारा निरोप येतो.

दोन बारीक गोष्टी पटकन. वर्किंग डिरेक्टरी बदलून प्रोग्रॅम सुरू करत असाल तर प्रोग्रॅमचा पत्ता पूर्ण द्या. अर्धवट पत्ता लिनक्सवर नव्या फोल्डरपासून मोजला जातो, विंडोजवर तसं धरून चालता येत नाही. आणि एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल द्यायचे असतील तर कोरी डिक्शनरी देऊ नका. आहे त्याची प्रत घ्या, त्यात आपली भर घाला. कोऱ्या डिक्शनरीत ‘सिस्टिम रूट’ नसतं, आणि त्याच्यावाचून विंडोजवर कित्येक प्रोग्रॅम उठतच नाहीत.

आता प्रोग्रॅम उठला. पण तयार झाला का?

इथे लोक ‘टाइम डॉट स्लीप’ लिहितात. दोन सेकंद. मग कधीतरी टेस्ट पडते, मग पाच करतात. मग दहा. एका टीममध्ये मी हा आकडा तीस झालेला पाहिलाय, आणि तरीही टेस्ट अधूनमधून पडायच्याच. तिथल्या लोकांना सवय झाली होती: लाल दिसलं की न वाचता ‘पुन्हा चालव’ दाबायचं. एकदा त्यातलं एक लाल खरं होतं. तेही तसंच पुढे ढकललं गेलं आणि ग्राहकापर्यंत पोचलं. माझा विरोध स्लीपमुळे वाया जाणाऱ्या वेळेला नाही, या सवयीला आहे.

त्याऐवजी असं करा. एक शेवटची मुदत ठरवा, समजा तीस सेकंद. तोवर दर थोड्या वेळाने दोन प्रश्न विचारा. पहिला: प्रोसेस जिवंत आहे का? हे ‘पोल’ सांगतं. मेली असेल तर वाट बघण्यात अर्थ नाही, तिचं आउटपुट छापून लगेच टेस्ट पाडा. दुसरा: पोर्टला जोडणी होतेय का? झाली की पुढे चला. चपळ मशीनवर अर्ध्या सेकंदात काम होतं, संथ मशीनला तिची उसंत मिळते. पोर्ट नंबरही ठरवून देऊ नका. सर्व्हरला पोर्ट शून्य द्या, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम मोकळा पोर्ट निवडते. मग सर्व्हरने तो आउटपुटमध्ये छापावा आणि टेस्टने तिथून उचलावा. छापल्यावर ‘फ्लश’ करायला विसरू नका, कारण आउटपुट पाइपमध्ये जात असलं की पायथॉन ते लगेच सोडत नाही, साठवून ठेवतो.

पाइपचा विषय निघालाच आहे. प्रोग्रॅमचं आउटपुट पाइपमध्ये घेतलं आणि वाचलंच नाही, नुसतं ‘वेट’ करत बसलात, तर एक दिवस दोघंही गोठतात. लिनक्सवर पाइपची क्षमता साधारण ६४ केबी असते. ती भरली की पलीकडचा प्रोग्रॅम लिहिता लिहिता थांबतो, कोणीतरी वाचेल म्हणून. आपण थांबलेलो असतो तो संपेल म्हणून. ‘पहिले आप’ म्हणत दोघांची गाडी सुटते. विंडोजवर क्षमता वेगळी, त्यामुळे तीच टेस्ट एकीकडे चालते आणि दुसरीकडे लटकते. छोट्या कामाला ‘रन’ किंवा ‘कम्युनिकेट’ वापरा, ती दोन्ही वाचत राहतात. बराच वेळ चालणाऱ्या सर्व्हरचं आउटपुट मी सरळ फाइलमध्ये सोडते. टेस्ट पडली की फाइल दाखवायची.

याच ठिकाणी मराठीही आडवी येते. तुमच्या प्रोग्रॅमने ‘नमस्कार’ छापलं, आणि विंडोजवर आउटपुट पाइपमध्ये गेलं, की पायथॉन बहुधा १२५२ सारखं जुनं कोडपेज घेतो. त्यात देवनागरी बसत नाही आणि युनिकोडचा एरर येतो. दोन्ही टोकं बांधा: रनला ‘एन्कोडिंग इक्वल टू यूटीएफ ८’ द्या, आणि नव्या प्रोसेसच्या एन्व्हायर्नमेंटमध्ये ‘पायथॉन यूटीएफ ८’ हे व्हेरिएबल १ करा. ते पायथॉन ३.७ पासून आहे. एकच टोक बांधलंत तर एररऐवजी अगम्य अक्षरं दिसतील.

शेवटी बंद करणं. सुरू करण्यापेक्षा हे अवघड आहे, आणि याकडे कोणी बघत नाही.

‘टर्मिनेट’ लिहिलं की लिनक्सवर सिगटर्म जातो, म्हणजे ‘आवरा आता’ अशी विनंती. प्रोग्रॅमला फाइली बंद करायला वेळ मिळतो. ‘किल’ म्हणजे सिगकिल, तिथे विनंती नाही. विंडोजवर पायथॉनची ही दोन्ही फंक्शन्स एकच काम करतात: टर्मिनेट प्रोसेस, जागच्या जागी बंद. तेव्हा ‘बंद होताना आमचा सर्व्हर डेटा नीट लिहितो का’ ही टेस्ट विंडोजवर टर्मिनेट वापरून होणारच नाही. तिथे प्रोसेस नव्या ग्रुपमध्ये सुरू करून तिला कंट्रोल ब्रेकचा इशारा पाठवावा लागतो.

आणि नातवंडांचं काय? तुम्ही शेल सुरू केलं, शेलने सर्व्हर, सर्व्हरने दोन वर्कर. तुम्ही शेलला मारलंत, बाकीचे जिवंत. ते पोर्ट अडवून बसतात आणि पुढची टेस्ट पडते, जिचा यात काहीच दोष नसतो. विंडोजवर आणखी एक भर: जिवंत प्रोसेसने उघडलेली फाइल सहसा पुसता येत नाही, म्हणून टेस्ट संपताना तात्पुरतं फोल्डर काढायला गेलं की ‘परवानगी नाही’ असा एरर, कोड ३२. लिनक्सवर उघडी फाइलही पुसता येते, त्यामुळे मागे राहिलेली प्रोसेस तिथे कळतच नाही. माझ्या मते या बाबतीत विंडोज जास्त प्रामाणिक आहे. ते लपवत नाही.

लिनक्स आणि मॅकवर ‘स्टार्ट न्यू सेशन इक्वल टू ट्रू’ देऊन प्रोसेस सुरू करा आणि शेवटी ‘किल पीजी’ने अख्खा गट बंद करा. विंडोजवर ‘टास्ककिल’ला झाडासकट मारायचा पर्याय आहे. त्याहून पक्कं हवं असेल तर ‘जॉब ऑब्जेक्ट’. दोन्हीकडे चालणारं काही हवं असेल तर ‘पीएसयूटिल’ ही लायब्ररी मुलं-नातवंडं शोधून देते. फक्त क्रम लक्षात ठेवा: आधी यादी काढा, मग मारा. आईबाप आधी गेले की नातं शोधायला धागा उरत नाही.

रिटर्न कोडही वाचायला शिका. लिनक्सवर पायथॉनने उणे ९ दाखवलं तर प्रोसेसला सिगकिल मिळाला. उणे ११ म्हणजे सेगमेंटेशन फॉल्ट. मध्ये शेल असेल तर तेच उणे ९ तुम्हाला १३७ म्हणून दिसतं, १२८ अधिक ९. विंडोजवर ३२२१२२५४७७ असा अगडबंब आकडा आला तर तो मेमरीच्या चुकीच्या जागी हात घातल्याचा कोड आहे. म्हणून टेस्टमध्ये ‘रिटर्न कोड बरोबर १’ असं तेव्हाच लिहा, जेव्हा तो १ तुमच्या प्रोग्रॅमने स्वतः दिलेला असेल. नाहीतर ‘शून्य नाही’ एवढंच तपासा.

हे सगळं प्रत्येक टेस्टमध्ये लिहायचं नाही. एक छोटी फाइल करा, त्यात दोन फंक्शन्स: एक कमांड चालवून निकाल देणारं, दुसरं सर्व्हर उठवून, तयार होईपर्यंत थांबून, शेवटी झाडासकट बंद करणारं. दुसरं पायटेस्टच्या फिक्स्चरमध्ये ‘यील्ड’ लावून लिहा, म्हणजे टेस्ट पडली तरी आवराआवर होते. बाकी टेस्टमध्ये ‘सबप्रोसेस’ हा शब्द दिसला की रिव्ह्यूमध्ये विचारा, इथे का?

मशीन एकच असेल तरी अडत नाही. गिटहब अॅक्शन्सवर लिनक्स, विंडोज आणि मॅक तिन्ही मिळतात, सार्वजनिक प्रोजेक्टला फुकट. आणि आज घरी करायचा प्रयोग: तुमचा प्रोजेक्ट ‘माझं काम’ अशा नावाच्या फोल्डरमध्ये हलवा, मराठी अक्षरं आणि मध्ये जागा, आणि टेस्ट चालवा. किती लाल होतात आणि कुठल्या ओळीवर, ते लिहून ठेवा. पुढच्या भागात आपण त्याच लाल ओळी घेऊन बसू आणि फिक्स्चर एकत्र लिहू.